बिल्ल्याची पाठ

जुन्या बाजारात पोलिसांचा बिल्ला दिसला की मी तो आधी पालथा करतो. मुकुट, अक्षरं, नंबर या पुढच्या गोष्टी सगळेच बघतात आणि नकली बनवणाराही सगळी मेहनत तिथेच घेतो. पाठ त्याच्याकडून राहून जाते.

मी डायमेकर. भोसरीत पंच आणि डाय, म्हणजे प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारे साचे, करण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे पितळी बिल्ल्यांचा नाद लागला तो प्रेसच्या ठोक्यापायी. इतिहास नंतर वाचला. पत्रा डायमध्ये दाबून काढलेला बिल्ला हातात घेतला की कळतं: अक्षरांच्या भिंती सरळ, कोपरे धारदार, आणि पुढे जे उठून आलंय ते मागे खोलगट. त्याचा साचा घेऊन ओतलेली नक्कल मऊ दिसते. भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात, कडेला कानस फिरवल्याच्या रेघा असतात. शिवाय पितळ गार होताना साधारण दीड टक्का आकसतं. म्हणजे ५० मिलिमीटरच्या अस्सल बिल्ल्यावरून ओतलेली नक्कल सव्वा एकोणपन्नासच्या आसपास भरते. म्हणून रविवारी पुण्यातल्या मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात जाताना खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर असतोच. बिल्लेवाला म्हणतो, "काका, माल पुढून बघा की कधीतरी!" पण पाठ पसंत पडली की मी फार घासाघीस करत नाही, हे त्याला माहीत आहे.

एक मात्र सांगायला हवं. कमरपट्ट्याची बक्कलं अस्सल असूनही ओतीव सापडतात. तिथे ओतकामावरून निकाल देऊ नये, झीज बघावी. शिपाई पट्टा रोज घासायचा, परेडला चकाकी नसेल तर बोलणी खावी लागायची. वर्षानुवर्षं घासलेल्या बकलेवर उंच भाग आधी गुळगुळीत होतो आणि आकड्यांच्या खाचांत वाळलेल्या पॉलिशचा पांढरट-हिरवट थर बसतो. पट्ट्याचं चामडं जिथे घासतं तिथली कडी एकाच बाजूने झिजते. रसायनात बुडवून काळी केलेली बक्कल सगळीकडे सारखीच काळी असते, आणि माणसाच्या हाताची झीज अशी सारखी कधीच नसते.

मुकुटानेही बरंच कळतं. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारली, त्यानंतरच्या राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी गोल, फुगीर असतात. २६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. एलिझाबेथ गादीवर आली १९५२ मध्ये. मग तिच्या काळातला मुकुट असलेला 'बॉम्बे पोलीस'चा बिल्ला कुणी 'एकदम ओरिजिनल' म्हणून पुढे केला, तर तो तसाच परत द्यावा. असला बिल्ला कधी निघूच शकत नाही.

मला सगळ्यात ओढ आहे ती मराठवाड्याच्या बिल्ल्यांची. समजा, १९४५ साली नांदेडात एक पोरगा पोलिसात भरती झाला. तेव्हा राज्य निजामाचं. सप्टेंबर १९४८ नंतर ते भारतातलं हैदराबाद राज्य झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याच गावात, त्याच नोकरीत त्याचं सरकार चार नावांचं झालं. हा सगळा प्रवास दाखवणारे एकाच माणसाचे बिल्ले कुठे एकत्र मिळाले, तर माझ्या संग्रहातलं बाकी सगळं मी त्याबदल्यात देईन.

एकाच माणसाचे हवेत, कारण बकलेवर नंबर असतो, नाव नसतं. पोलिसांच्या कागदांत बक्कल नंबर आजही लिहितात, पण बाजारात आलेल्या बकलेवरून तो माणूस कोण, कुठल्या चौकीतला, हे सांगणारं कुणी उरत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका आजींनी त्यांच्या सासऱ्यांची बक्कल मला दिली, तेव्हा मी आधी वही काढली. सासरे भरती कुठे झाले, बदल्या कुठे झाल्या, पट्टा घरात कुठल्या खुंटीला असायचा, आजी सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. त्या बकलेला बाजारात भंगाराहून थोडाच जास्त भाव येईल. माझ्याकडे तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

सध्या चालू असलेले बिल्ले मी घेत नाही, कुणी फुकट दिले तरी नाही. पोलीस असल्याचं भासवण्यासाठी असा बिल्ला वापरणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १७१ खाली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली. नव्याने गोळा करणाऱ्या पोरांनीही या वाटेला जाऊ नये.

आणि तुमच्या घरी आजोबांचा असा बिल्ला असेल, तर कृपा करून त्याला पितांबरी किंवा चिंच लावू नका. एका घासण्यात खाचांतलं जुनं पॉलिश जातं आणि अक्षरांची धारही कमी होते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सोबत एका चिठ्ठीवर आजोबांचं नाव, गाव आणि ठाणं लिहून ठेवा. विकायचा असेल तरी चिठ्ठीसकट विका.