सोनं कोण काढतं?

1976 च्या जूनमध्ये आम्ही नववीत गेलो. शाळा सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. बाहेर धो धो पाऊस, छत्र्या भिंतीला टेकवलेल्या, वर्गभर ओल्या कपड्यांचा वास. भूगोलाचे सर हातात घडी घातलेला पेपर घेऊन आले आणि हजेरी न घेताच वाचायला लागले. दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत, शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. अर्धे विषय आफ्रिकान्समधून, म्हणजे तिथल्या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून, शिकायची सक्ती त्या मुलांना नको होती. गणितसुद्धा त्याच भाषेतून. मेलेल्यांत हेक्टर पीटरसन नावाचा मुलगा होता. वय वर्षं 12. आमच्यापेक्षा लहान.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना कधी खपलं नाही, आणि 1978 च्या आगेमागे एसएससी झालेल्या कुणाला ते सांगावंही लागणार नाही.

आमच्या पुस्तकात त्या देशाबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या. जोहान्सबर्ग सोन्यासाठी आणि किंबर्ली हिऱ्यांसाठी प्रसिद्ध. सरांनी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढला, खाली टोकाकडे एक ठिपका दिला आणि विचारलं, "सोनं कोण काढतं?" कुणीतरी म्हणालं, "मजूर." "ते का काढतात?" "पोटासाठी." "मग त्यांचं पोट आधी भरत नव्हतं का?" यावर वर्गात कुणीच बोललं नाही.

पुढचे तीन तास, म्हणजे तीन दिवस, सर त्या एकाच प्रश्नावर बोलत होते. विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेत 1886 साली सोनं सापडलं. सोनं अमाप होतं, पण दगडात भुगा मिसळावा तसं मिसळलेलं. टनभर दगड फोडावा तेव्हा काही ग्रॅम हाती यायचं, आणि दगडही जमिनीत खोल खोल उतरत गेलेला. सोन्याचा भाव खाणमालकाच्या हातात नव्हता, तो जगाच्या बाजारात ठरलेला. यंत्रं, लोखंड, सुरुंगाची दारू सगळं रोख विकत घ्यायचं. मग काटकसर करायची कशात? "माणसात," सर म्हणाले. पण तिथला शेतकरी आपली जमीन, आपली गुरं सोडून त्या बिळात उतरायला तयार नव्हता. म्हणून त्याच्या झोपडीवर कर बसवला, आणि तो रोख पैशात भरायचा. मग 1913 चा जमिनीचा कायदा आला. देशात बहुसंख्येने असलेल्या काळ्या लोकांना जमिनीचा जेमतेम 7 टक्के तुकडा, 1936 नंतर 13 टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या देशात त्यांनी जमीन विकत घ्यायची नाही. "आता सांगा," सर म्हणाले, "तो खाणीत पोटासाठी गेला, की त्याला पोटाला चिमटा काढून तिथे नेला?"

आम्ही कोकणातली पोरं. बाप मुंबईला गिरणीत, गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जणांत पथारी टाकणारा, आणि आई इकडे भात लावणारी, मनीऑर्डरची वाट बघणारी. सरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. गिरणीमालकाला चाकरमानी स्वस्तात का मिळतो? कारण त्याच्या बायकापोरांचं अर्धं पोट गावचं भात भरतं. विटवॉटर्सरँडच्या खाणीचा हिशेबही तोच. मात्र तुमच्या बापाला उद्या खोली मिळाली तर तो आईला मुंबईला घेऊन जाऊ शकतो. तिथल्या बापाला कायदाच आडवा येतो. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या माणसाच्या खिशात पासबुक, म्हणजे ओळखीचं आणि परवान्याचं पुस्तक, हवं, परवान्याशिवाय शहरात 72 तासांपेक्षा जास्त राहायचं नाही, आणि करार संपला की चालतं व्हायचं. बायको भेटायला आली तर पोलीस तिला उचलणार.

वर्णभेद म्हणजे गोऱ्यांना काळ्यांचा तिटकारा, वेगळे बाक आणि वेगळे नळ, एवढंच मला तोवर वाटत होतं. तिटकारा होताच. पण त्या वेगळ्या बाकांच्या मागे मजुरीचा हिशेब आहे, हे मला नववीत कळलं. ते शिकवणारा माणूस महिना काही शे रुपये पगाराचा होता आणि त्याने जिल्ह्याबाहेर फारसं काही पाहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वर्ग सुटताना सर एवढंच म्हणाले, "तिकडच्या गोऱ्याला नावं ठेवताना आपल्या गावची विहीर विसरू नका." 20 मार्च 1927 ला महाडचं चवदार तळं आणि 21 मार्च 1960 ला पासबुकांविरुद्ध निघालेल्या 69 माणसांना गोळ्या घालून मारलं ते दक्षिण आफ्रिकेतलं शार्पव्हिल, या दोन तारखा त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या. पुसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनीही त्या तशाच ठेवून शेजारी उदाहरण सोडवलं.

माझ्या बाकावरच्या मित्राला हे सगळं घरचंच होतं. तो खाडीपलीकडच्या मुसलमान मोहल्ल्यातला, आणि त्याच्या आजोबांचे भाऊ कधीकाळी बोटीने केपटाऊनला गेले ते तिथलेच झाले. आपल्या किनाऱ्यावरची अशी कितीतरी कोकणी मुसलमान घराणी तिथे आहेत. आपल्या पासपोर्टवर त्या काळी दक्षिण आफ्रिका वगळलेली असायची. जाणं-येणं नाही, आणि 1946 पासून व्यापारही बंद. मग इथले आणि तिथले भेटायचे ते थेट मक्केत, हजला. अशाच एका हजहून त्याच्या दादीने बातमी आणली होती की केपटाऊनचं घर गेलं. डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची ती गजबजलेली वस्ती सरकारने 1966 साली गोऱ्यांसाठी जाहीर केली होती. साठ हजारांहून जास्त माणसं हलवली आणि शहराबाहेर दूर, केप फ्लॅट्स नावाच्या माळाच्या वाळूत नेऊन टाकली. दादी हे सांगताना हाताने पत्ते पिसल्यासारखं करायची, "असे उचलले, असे टाकले."

पुढे मी इंजिनिअर झालो, पंपांच्या धंद्यात शिरलो आणि 2005 साली कामासाठी दोन वर्षं जोहान्सबर्गला राहिलो. तोवर गोऱ्यांचं ते राज्य जाऊन अकरा वर्षं झाली होती. खाणीत तीन किलोमीटरच्या खालीही माणसं काम करतात, तिथला दगड हाताला चटका देतो आणि पाणी सतत उपसावं लागतं. आमचं काम त्या पाण्याशी होतं.

तिथे एक म्हातारे गृहस्थ ओळखीचे झाले, शेजारच्या लेसोथो या छोट्या देशाचे. साठच्या दशकात कोवळ्या वयात खाणींच्या भरतीवाल्यांच्या हाताने आलेले. एका रविवारी ते मला बंद पडलेला एक जुना कंपाउंड, म्हणजे खाणमजुरांना राहायची बराक, दाखवायला घेऊन गेले. लांबट खोली, दोन्ही भिंतींना सिमेंटचे ओटे, एकावर एक दोन मजली. त्या ओट्यावर ते स्वतः आडवे झाले आणि मला म्हणाले, माझ्या डोक्याशी ज्याचे पाय यायचे त्याचं नाव मला आठवतं, चेहरा आठवत नाही. मग भरतीच्या वेळची चाचणी त्यांनी करून दाखवली. गरम वाफेच्या खोलीत, ठोक्याच्या तालावर, तासन्‌तास एक पायरी चढायची आणि उतरायची. कितव्या दिवशी कोण कोसळतो ते बघायचं. सत्तरीचा माणूस माझ्यासमोर रिकाम्या हवेत पायरी चढत-उतरत होता. थांबा म्हणायचं मला सुचेना.

सुरुंग लावायचा परवाना फक्त गोऱ्याला, हा कायदाच होता. दगडाला भोकं पाडायचं काम काळ्याचं, पगार मात्र परवानेवाल्याचा. 1970 च्या सुमारास गोऱ्या खाणकामगाराची मिळकत काळ्याच्या साधारण 20 पट होती. महागाई धरली तर 1969 मधल्या काळ्या कामगाराला 1911 मधल्यापेक्षा जास्त काही मिळत नव्हतं. मधे 1946 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी दिवसाला दहा शिलिंग मागत संप केला, तो पोलिसांनी आठवड्याभरात मोडून काढला. म्हाताऱ्यांच्या छातीत दगडाची धूळ बसलेली होती. बोलताना दर वाक्याला ते थांबायचे.

परतण्याआधी केपटाऊनला गेलो. डिस्ट्रिक्ट सिक्सच्या संग्रहालयात जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरलाय, आणि जुन्या रहिवाशांनी आपापल्या घरांच्या जागी नावं लिहिली आहेत. गुडघे टेकून मी मित्राचं आडनाव शोधत बसलो. सापडलं नाही. तरी फोटो काढले.

रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांच्या आहाराचा तक्ता पाहिला. दोन रकाने. एक मिश्रवंशीय आणि आशियाई, दुसरा बांटू, म्हणजे काळे आफ्रिकन. पहिल्याला साखर दोन औंस, दुसऱ्याला दीड. पहिल्याला जॅम, दुसऱ्याला नाही. वर्णभेदाविरुद्ध लढणारे अहमद कथराडा आणि नेल्सन मंडेला एकाच खटल्यात, एकाच जन्मठेपेवर तिथे आले. पण कथराडांना लांब विजार आणि मंडेलांना अर्धी चड्डी. वंशाने कथराडा आपल्याकडचे, भारतीय, म्हणजे मी पहिल्या रकान्यातला. त्या तक्त्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. अर्धा औंस साखर वर दिली की वरचा खालच्याशी हातमिळवणी करताना दोनदा विचार करील, असा तो हिशेब असावा. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या गावात पाणवठे किती होते ते मला ठाऊक आहे.

गावी आल्यावर फोटो घेऊन सरांकडे गेलो. डोळ्यांना कमी दिसायचं, तरी भिंग घेऊन प्रत्येक फोटो पाहिला. म्हाताऱ्यांची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली. मग विचारलं, "त्यांच्या बायकोने इतकी वर्षं घर कसं चालवलं?"

"ते मी विचारलं नाही, सर."

"अरे, तेच तर विचारायचं होतं," ते म्हणाले, आणि फोटो नीट एकावर एक लावून माझ्या हातात दिले.