प्रभागाच्या मतदार यादीवर हरकत घेताना

निवडणूक सुधारणांच्या कामात मी पडले ती 2002 नंतर. उमेदवाराने आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी मतदारांपुढे मांडली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी दिला आणि आम्ही काही जण प्रतिज्ञापत्रांच्या नकला मिळवून त्या चौकातल्या फलकावर लावू लागलो. पुढे 2016 मध्ये दोन सदस्यांच्या प्रभागातून मी अपक्ष म्हणून नगरपरिषदेवर निवडून आले. मुदत संपल्यावर इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या वादात निवडणुका रखडल्या आणि गावाचा कारभार प्रशासकाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी निवडणुका घेण्याचे आदेश दिल्यावर सगळ्यांचे डोळे आरक्षणाच्या सोडतीकडे लागले. मला घोर होता तो प्रभागनिहाय मतदार यादीचा.

ही यादी राज्य निवडणूक आयोग नव्याने तयार करत नाही. विधानसभेची यादी, या वेळी 1 जुलै 2025 रोजी अस्तित्वात असलेली, घेऊन ती प्रभागांत विभागली जाते. म्हणून प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती विभागणीतील चुकांपुरतीच: मतदार भलत्या प्रभागात गेला असेल, विधानसभेच्या यादीतले नाव प्रभागात उतरलेच नसेल किंवा लेखनिकाची चूक झाली असेल. नवे नाव घालणे, मृताचे नाव वगळणे, तपशील दुरुस्त करणे यासाठी नमुना 6, 7 आणि 8 विधानसभेच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडेच भरावे लागतात. "ताई, सासरे जाऊन तीन वर्षं झाली, यादीत अजून आहेतच," असे सांगत आलेल्यांना हे समजावताना मला फार अवघड झाले, कारण नगरपरिषदेच्या खिडकीवर त्यांचे काम होणार नव्हते आणि खिडकीवर तसे कोणी सांगतही नव्हते.

आमची मुख्य हरकत एका गल्लीची होती. प्रभागांच्या हद्दी 2011 च्या जनगणनेतील प्रगणक गटांवरून, म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या वस्तीच्या लहान तुकड्यांवरून, आखलेल्या असतात आणि विधानसभेचे यादी भाग मतदान केंद्रांच्या सोयीने पाडलेले असतात, त्यामुळे दोहोंचे सांधे जुळतीलच असे नाही. इथे एकच यादी भाग ओढ्याच्या दोन्ही काठांवर पसरलेला असल्याने अलीकडची सबंध गल्ली पलीकडच्या प्रभागात ढकलली गेली होती. "यादीत प्रचंड घोळ आहे" अशा आशयाची निवेदने पक्षांनी दिली, छायाचित्रेही काढली. पण कारवाई होते ती यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिलेल्या अर्जावर, हे आमच्या पुढाऱ्यांना अजून पटत नाही. आम्ही घरोघर फिरून प्रत्येक मतदाराचा अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक आणि योग्य प्रभाग असा तक्ता केला. यादीत घर क्रमांकाच्या जागी बहुतेक ठिकाणी शून्य किंवा नुसती आडवी रेघ होती, म्हणून घरपट्टीच्या पावत्या जोडल्या आणि प्रभागरचनेच्या अंतिम नकाशाच्या प्रतीवर गल्ली लाल शाईने दाखवली.

अर्ज घेताना तेथील कर्मचाऱ्याने पोच देण्याची टाळाटाळ केली. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का पडेपर्यंत मी तिथून हलले नाही. नगरसेवकपदाच्या पाच वर्षांत मी काही शिकले असेन तर ते एवढेच. स्थळपाहणीला वसुली विभागातला एक लिपिक आला. त्याने नकाशा उघडलाही नाही. ओढ्याच्या फरशीवर उभा राहून तो एकेका दाराकडे बोट दाखवत थकबाकीसह मालकांची नावे सांगत गेला आणि सोबतचा कर्मचारी ती तक्त्याशी ताडून खुणा करत गेला. पंचनाम्यावर शेजारच्या दोघांच्या सह्या झाल्या.

अंतिम यादीत गल्ली आमच्या प्रभागात आली. काही भाडेकरूंची नावे मात्र पलीकडेच राहिली, कारण त्यांच्या नावाची घरपट्टीची पावती असणे शक्यच नव्हते आणि घरमालकांनी लेखी द्यायला नकार दिला. संभाव्य दुबार नावांपुढे आयोगाने दोन तारांकन चिन्हे टाकली होती. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार ते आधी कळवायचे होते. ज्यांनी कळवले नव्हते त्यांच्याकडून, इतरत्र मतदान केलेले नाही व करणार नाही, असे हमीपत्र मतदानाच्या दिवशी, 2 डिसेंबर 2025 ला, केंद्रावरच घ्यायचे होते. त्यामुळे मतदानाच्या आदल्या आठवड्यात प्रचाराच्या फेऱ्या सोडून मी तारांकित नावांची घरे गाठत होते.