डिपॉझिटचा ‘आरोपी’

शनिवारी दुपारी माझ्या शिवाजीनगरच्या ऑफिसात लॉच्या पहिल्या वर्षाची चार मुलं येतात. मी त्यांना शिकवते असं म्हणायचं. खरं तर ती माझ्या फायली लावतात आणि मी मधूनमधून बोलते. त्या शनिवारी त्यांच्यातलीच एक पक्षकार होऊन आली. हातात टाइप केलेली नोटीस. पहिल्याच ओळीत घरमालकांचा उल्लेख होता ‘आरोपी’ असा.

झालं होतं ते पुण्यात रोज होतं. बारावीनंतर लातूरहून आलेल्या या मुलीने नवी पेठेत खोली घेतली. महिना ९,०००, डिपॉझिट ३६,०००. चार महिन्यांनी हॉस्टेल मिळालं म्हणून खोली सोडली. मालक म्हणाले, सहा महिन्यांचा लॉक-इन होता, म्हणजे त्याआधी खोली सोडायची नाही, डिपॉझिट विसर. चौघं तडक पोलीस चौकीत गेली, ‘चारशेवीस लावा’ म्हणून. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, “हे दिवाणी आहे बाळांनो, वकील गाठा.”

“चारशेवीस आता राहिलं नाही ना, म्हणून घेतलं नसेल,” एकाने शोध लावला. “३१८ म्हणायला हवं होतं.”

त्याचं अर्धं बरोबर होतं. १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ३१८ झालं. (लोकांच्या तोंडातलं चारशेवीस मात्र आणखी पन्नास वर्षं हलत नाही.) पण आकडा बदलला तरी आत लागतं ते तेच: पैसे घेतानाच बुडवायचा हेतू. इथे घरमालक काकांनी खोली दिली, किल्ली दिली, चार महिने एका शब्दाने त्रास दिला नाही. पैसे अडवले ते नंतर. त्यांच्या बाजूने बघितलं तर ऐन वर्षाच्या मध्यात खोली रिकामी पडली होती, तेही खोटं नव्हतं.

मी ‘आरोपी’ खोडून ‘प्रतिवादी’ लिहिणार होते, मग तेही खोडलं. दावाच लावला नाही तर प्रतिवादी कुठला? नुसतं ‘आपण’ लिही म्हटलं. फौजदारीत खटला सरकार चालवतं, गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, शेवटी शिक्षा होते. दिवाणीत ज्याचं त्यानेच भांडायचं, पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरतं, आणि शेवटी हातात कोर्टाचा हुकूमनामा.

“तुला काका तुरुंगात हवेत की ३६,००० खात्यात?”

“दोन्ही.”

“करार दाखव.”

करार कुणीच धड वाचला नव्हता. चौघांनी आदली अख्खी रात्र फसवणुकीचं कलम घोकण्यात घालवली होती. पिशवीतून निघाला: स्टॅम्पपेपर, नोटरीचा गोल लाल शिक्का, शेवटी आधारची झेरॉक्स पिनेने टोचलेली. पहिलं पान बघताच मी विचारलं, नोंदणी? नव्हती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,०००पर्यंत दंड किंवा दोन्ही. पोरं ज्या फौजदारीसाठी चौकीत गेली होती, ती डिपॉझिटमध्ये नव्हतीच. ती स्टॅम्पपेपरच्या शिक्क्याखाली बसली होती.

तेवढ्यात त्यांच्यातला सगळ्यात गप्प मुलगा ती झेरॉक्स डोळ्याजवळ नेऊन म्हणाला, “मॅडम, हिचा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो.”

करार जूनचा. सही केली तेव्हा ही सतरा वर्षं दहा महिन्यांची!

खोलीत एकदम गलका. मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष, प्रिव्ही कौन्सिल (इंग्रजांच्या काळातलं शेवटच्या अपिलाचं कोर्ट), १९०३: अज्ञानाचा, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याचा, करार मुळातूनच रद्दबातल. पहिल्या सत्रात सगळेच हे पाठ करतात. स्वतःच्या झेरॉक्समध्ये सापडेल असं कुणाला वाटतं? सज्ञान झाल्यावर ‘मान्य आहे’ म्हटलं तरी तो करार जिवंत होत नाही. आणि करारच नाही, तर त्यातला लॉक-इन कुठून आला?

“मग चार महिन्यांचं भाडंही परत मागायचं!” पक्षकारीण उसळली.

इथे मला करार कायद्याचं कलम ६८ काढावं लागलं. अज्ञानाला ज्या गरजेच्या गोष्टी पुरवल्या, त्यांची भरपाई त्याच्या मालमत्तेतून मिळते. डोक्यावरचं छप्पर ही गरजच. राहिलीस त्याचं दिलंस, तो विषय संपला. तिचा चेहरा पडला. मला मात्र हे कलम मनापासून आवडतं.

नोटीस एका पानाची झाली. नोंदणीचा उल्लेख केला, पण तुरुंगाची भाषा नाही. वसुलीसाठी फौजदारीची भीती घालणं मला पटत नाही. स्पीड पोस्टाने पाठवली.

आठव्या दिवशी काका स्वतःच आले. जिने चढून दम लागलेला, नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून. ‘अज्ञान’ या शब्दाखाली पेनाने दोनदा रेघ. “मॅट्रिकला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीला तुम्ही अज्ञान म्हणता?” ते खरंच दुखावले होते. अज्ञान म्हणजे कायद्याने अठरा पूर्ण न झालेली, हे सांगितल्यावर थोडे निवळले. राहिलेलं वीजबिल, ७४० रुपये, वजा करून त्यांनी चेक लिहिला. मुलीने “थँक्यू काका” म्हटलं, तेव्हा ते तिच्याकडे न बघताच “अभ्यास कर” म्हणाले.

उठता उठता दारात थांबले. “पुढच्या महिन्यात नवी मुलगी येतेय खोलीवर. करार तुम्हीच करून द्या ना. नोंदणीसकट.”

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांना समोरच्या बिल्डिंगमधल्या वकिलांचा नंबर लिहून दिला.