दोन आठवड्यांत कोणाचं काय भलं होणार?

हा प्रश्न मला आधी काकांनी विचारला, मग बँकेतल्या मॅडमनी, मग व्हिसाच्या काउंटरवरच्या माणसाने. शब्द प्रत्येकाचे वेगळे, मुद्दा एकच, की स्वतःचे पैसे घालून फ्रान्सला जायचं आणि पॅरिस बघायचं सोडून कुठल्याशा खेड्यात दोन आठवडे दगड-चुन्याचं काम करायचं, ते पण फुकट, हे कशासाठी. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं. आता येऊन वर्ष होत आलंय आणि कॉलेजच्या ज्युनिअर मुली मेसेज करून विचारताहेत की ताई वर्ककॅम्पला कसं जायचं, किती खर्च, घरच्यांना काय सांगायचं, म्हणून एकदाच सगळं बसून लिहिते.

सुरुवात माझ्या आजीपासून करावी लागेल. आजीचं माहेर वरोऱ्याचं. गावाला लागूनच आनंदवन. आज आपण सहलीला जातो तसं ते तेव्हा नव्हतं. बाबा आमटेंनी १९५१ मध्ये कुष्ठरोग्यांना घेऊन तिथल्या माळरानावर विहीर खणली, शेती केली, भाजी पिकवली, पण ती भाजी घ्यायला गावात कोणी तयार नव्हतं. रोग्यांच्या हातची भाजी कोण खाणार! आजी सांगते की तिच्या घरी तर त्या रस्त्याने जायचं सुद्धा नाही अशी ताकीद होती. मग १९५३-५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल नावाच्या संस्थेची पन्नासेक तरुण मंडळी तिथे आली, तीसपेक्षा जास्त देशांतली, आणि दवाखान्याच्या इमारतीचं बांधकाम करत राहिली. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिला त्या इमारतीचं काही आठवत नाही. तिला आठवते ती भाजी.

"ते गोरे पोरंपोरी तिथलीच भाजी खाऊन राहिले होते, तिथंच झोपून राहिले होते. कोनाले काई झालं नाई. मंग आमचा बाप म्हने, आनू आपन बी." असं आजी सांगते, दरवेळी याच शब्दांत. वरोऱ्यात मग हळूहळू आनंदवनची भाजी विकली जायला लागली, दूध जायला लागलं.

मला लहानपणी ही गोष्ट ऐकून थोडा रागच यायचा, म्हणजे गोऱ्या लोकांनी खाल्ली तेव्हा पटलं का, बाबा आणि साधनाताई तिथेच राहत होते, त्याच विहिरीचं पाणी पीत होते, त्यांचं का नाही पटलं? तो राग माझा अजूनही पूर्ण गेलेला नाही. पण एक गोष्ट मोठं झाल्यावर कळली. बाहेरून आलेल्या माणसाला गावाची भीती माहीत नसते, किंवा माहीत असून तो ती मानत नाही, आणि तो नुसता तिथे बसून जेवतो. गावातल्या माणसाला ते बघायला मिळतं. भिंती तर गवंड्यांनीही बांधल्या असत्या.

तर ही संस्था कुठली म्हणून मी शोधायला लागले आणि पोचले थेट पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये. पिएर सेरेझोल नावाचा एक स्विस इंजिनिअर होता, वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले, आणि हा मात्र सैन्याचा कर भरणार नाही म्हणून तुरुंगात जाणारा. १९२० च्या नोव्हेंबरमध्ये तो काही जणांना घेऊन व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात गेला आणि लोकांची घरं उभी करायला लागला. त्या जथ्यात जर्मन तरुणही होते. विचार करा, युद्ध संपून दोनच वर्षं झालेली, ज्यांच्या तोफांनी गाव मातीला मिळालं त्यांच्यातलीच पोरं आता तिथे फावडं घेऊन उभी. गावाला आणि सरकारी अधिकाऱ्यांना ते झेपलं नाही, जर्मन नकोत म्हणाले, आणि जर्मनांना काढून बाकीच्यांनी काम चालू ठेवायला ही मंडळी तयार नव्हती. त्यामुळे काही महिन्यांतच ते काम थांबलं. म्हणजे जगातला पहिला आंतरराष्ट्रीय वर्ककॅम्प म्हणतात तो अर्धवट राहिला! मला हे फार मोलाचं वाटतं, कारण यशोगाथा असती तर मी वाचून विसरून गेले असते. पुढे १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा हाच माणूस पन्नाशी उलटलेली असताना भारतात आला आणि मुझफ्फरपूरकडच्या खेड्यांत काम करत राहिला. त्याच्याच संस्थेची पोरं वीस वर्षांनी आजीच्या गावात.

एवढं वाचल्यावर मला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. व्हर्दूनच्या आसपास, लॉरेन भागात, एका खेड्यातल्या जुन्या धुण्याच्या घाटाच्या दुरुस्तीचा कॅम्प मिळाला. (कॅम्प दुसऱ्याच एका संस्थेचा होता, पण पद्धत सगळीकडे साधारण तीच, दहा-पंधरा जण, दोन-तीन आठवडे, दिवसाला पाच-सहा तास काम, राहणं-जेवण त्यांचं, प्रवास आपला, आणि आपल्या देशातल्या पार्टनर संस्थेकडून फॉर्म भरायचा.)

आणि पहिल्या वर्षी व्हिसा रिजेक्ट झाला.

याबद्दल मला लिहायचंच आहे कारण यावर कोणी बोलत नाही. कॅम्पचं निमंत्रणपत्र, तीस हजार युरो कव्हरचा इन्शुरन्स, बाबांची एफडी, कॉलेजचं पत्र, सगळं दिलं होतं. उत्तरात एक छापील फॉर्म आला, त्यात एका चौकोनात फुली, की ही व्यक्ती मुदत संपायच्या आत परत जाईल याची खात्री वाटत नाही. तिकिटाचे पैसे बुडाले. आई त्या दिवशी काही बोलली नाही, नुसती फाइल कपाटात ठेवून दिली नीट. आमच्या कॅम्पमध्ये नंतर बारा जण होतो. स्पेन, इटली, जर्मनीची पोरं बॅग उचलून ट्रेनने आली होती, मेक्सिको आणि कोरियाच्या दोघांना व्हिसा लागलाच नाही. बापाची एफडी दाखवून आलेल्या आम्ही दोघीच, मी आणि तुर्कस्तानची एक मुलगी. पहिल्या रात्री आम्ही दोघींनी मोबाइलवर एकमेकींना व्हिसाच्या कागदांचे फोटो दाखवले, आमची मैत्री तिथेच झाली.

अशा कॅम्पना एक्सचेंज म्हणतात, म्हणजे देवाणघेवाण ना? मग ती दोन्हीकडून व्हायला हवी. जर्मन सरकारची वेल्टवेर्ट्स म्हणून योजना आहे, तिच्यातून जर्मन पोरं वर्ष-वर्ष आपल्याकडे येऊन राहतात. ती सुरू झाली २००८ ला. आपल्यासारख्या देशांतल्या मुलांनी उलट जर्मनीत जाऊन वर्षभर काम करायचं दार त्यात उघडलं २०१३ ला, पाच वर्षांनी. उघडलं हे चांगलंच झालं, ज्यांचं वय १८ ते २८ मध्ये आहे त्यांनी जरूर बघा. पण ती मधली पाच वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

असो, दुसऱ्या वर्षी व्हिसा मिळाला आणि मी गेले.

धुण्याचा घाट म्हणजे वर छप्पर, मधे दगडी हौद, हौदाच्या कडेचे दगड आत उतरते, कपडे आपटायला. पूर्वी गावातल्या बायका तिथे धुवायच्या. काम होतं भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायचं. जुना भुसभुशीत झालेला चुना छिन्नी-हातोडीने उकरून काढायचा, ब्रशने साफ करायचं, भिंत पाण्याने चांगली भिजवायची, मग एक भाग चुना तीन भाग वाळू असं कालवून ते बारीक थापीने दगडांच्या मधे दाबून भरायचं, आणि वरून ओलं गोणपाट लावायचं म्हणजे उन्हाने लवकर सुकून तडे जात नाहीत. सिमेंट का नाही असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. शिकवणारा गवंडी म्हणाला सिमेंटमध्ये ओल अडकते आणि हिवाळ्यात गोठून दगडच फोडते, चुन्यातून ती बाहेर जाते. एका इटालियन मुलाने हातमोजे न घालता चुना कालवला आणि संध्याकाळपर्यंत त्याची बोटं सोलवटून निघाली, मग सगळ्यांनी ऐकलं.

वाळू आणायची होती रस्त्यापासून, एकचाकी गाडी होती एकच, तीही उतारावर कलंडायची. मी कॉलेजात असताना सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आले होते, चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ, ऐन मे महिन्यात भरते ती, तिथे आम्ही घमेल्यांची साखळी करायचो. इथे घमेली नव्हती, बादल्या होत्या. सगळ्यांना दोन-दोन हातांच्या अंतरावर उभं केलं, भरलेली बादली या बाजूने, रिकामी त्या बाजूने. अर्ध्या तासात ढीग हलला. मधे कोरियन मुलाने गाणं सुरू केलं, कोणालाच शब्द येत नव्हते तरी ताल धरला सगळ्यांनी. सोमनाथला पण हेच व्हायचं, अगदी हेच.

आता खरं सांगते, आम्ही बारा जणांनी दोन आठवड्यांत जेवढी भिंत केली तेवढी त्या गवंड्याने एका मदतनीसाला घेऊन चार-पाच दिवसांत केली असती, आणि आमच्यापेक्षा सुबक. त्याला आमच्या चुका परत उकराव्या लागल्या ते वेगळंच. मग आम्ही कशाला?

समोरच्या घरात एक आजीबाई होत्या. पहिले तीन दिवस पडद्याआडून बघत होत्या. चौथ्या दिवशी पाटीभर मिराबेल घेऊन आल्या. मिराबेल म्हणजे बोराएवढं पिवळंधमक आलुबुखार, त्या भागात ऑगस्टमध्ये झाडं लगडलेली असतात. हौदाच्या काठावर बसल्या आणि बोलायलाच लागल्या, आमची कॅम्प लीडर भाषांतर करत होती. त्या लहान असताना आईबरोबर इथे यायच्या, बायकांची गुडघे टेकून बसायची लाकडी खोकी असायची, आत पेंढा भरलेला, आणि आईचा पेंढा बदलायचं काम यांचं. मग उठून त्यांनी बरोबर दाखवलं, आई इथे बसायची. त्या दगडाला खरंच एक खळगा होता, आम्ही चार दिवस त्याच्यावर बादली ठेवत होतो! दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीला घेऊन आल्या. मग एक जण शिडी घेऊन आला, एकाने घरातला जुना फोटो आणला. शेवटच्या आठवड्यात गावातलीच चार-पाच माणसं रोज आमच्याबरोबर थापी घेऊन उभी असायची. शेजारीण म्हणाली, मी वीस वर्षं इथून गाडी घेऊन जाते, कधी थांबलेच नाही.

मला तेव्हा वरोऱ्याची भाजी आठवली.

सुट्टीच्या दिवशी आम्हाला व्हर्दूनला नेलं. १९१६ ची लढाई, तीन लाखांच्या आसपास माणसं मेली. तिथे फ्लरी नावाचं गाव होतं. होतं म्हणायचं. त्या भागातली नऊ गावं पूर्ण नष्ट झाली, त्यातली काही पुन्हा कधीच वसली नाहीत, फ्लरी त्यातलंच. आता तिथे नुसती झाडी आणि गवताने झाकलेले खड्डे, तोफगोळ्यांचे, एकाला लागून एक, सपाट म्हणून जमीनच नाही, आणि जागोजागी छोट्या खुणा की इथे बेकरी होती, इथे शाळा. जवळच दोमाँची मोठी अस्थिशाला आहे, त्यात ओळख न पटलेल्या किमान १,३०,००० सैनिकांच्या अस्थी, फ्रेंच कुठल्या जर्मन कुठल्या कळत नाही म्हणून एकत्रच ठेवलेल्या. खालच्या छोट्या खिडक्यांमधून दिसतात. आमच्यातला जर्मन मुलगा एका खिडकीपाशी बराच वेळ वाकून उभा होता. कोणी त्याला हाक मारली नाही. परतीच्या बसमध्ये मी त्याला सेरेझोलची गोष्ट सांगितली, जर्मन पोरं नकोत म्हटल्याची, त्याला माहीत नव्हती. तो म्हणाला, काल मिराबेलवाल्या बाईंनी मला घरी कॉफीला बोलावलं होतं. एवढंच म्हणाला.

आता ज्युनिअर्ससाठी. लाखभर रुपये घेऊन परदेशात अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांबरोबर खेळा म्हणणाऱ्या जाहिराती दिसतील, तिकडे जाऊ नका. ज्या मुलांना आधीच सगळे सोडून गेलेत त्यांच्या अंगाखांद्यावर खेळून आपणही पंधराव्या दिवशी निघून जायचं, हे मला पटत नाही, आणि जिथे पाहुण्यांकडून पैसे येतात तिथे मुलंही गोळा केली जातात हे नेपाळ-कंबोडियात उघड झालेलं आहे. दगड, चुना, झाडं, समुद्रकिनारा यांचं काम घ्या, ज्यात आपण चुकलो तर गवंडी परत उकरू शकतो. फी कशाची घेतात ते विचारा. आणि आधी सोमनाथला जा, खरंच जा. पहाटे उठून चार तास खणल्यावर आपल्याला हे झेपतं का ते कळतं, आणि तिथे तर व्हिसाही लागत नाही. स्वयंपाकाची पाळी येतेच, बारा जणांचा वरण-भात आणि कोशिंबीर करता यायला हवी, पोळ्यांच्या नादी लागू नका. मी लागले होते, लाटणं नव्हतं म्हणून बाटलीने लाटल्या, रात्री साडेदहाला जेवलो.

माझी तुर्की मैत्रीण डिसेंबरमध्ये येतेय. यावेळी व्हिसाचे कागद तिने गोळा केले आणि मी फोनवर धीर देत होते. नागपूरला माझ्याकडे राहील, मग आम्ही वरोऱ्याला जाऊ, आनंदवन बघू. आजीला सांगितलं तर तिने आधी विचारलं, ती वांगे खाते का? म्हटलं आजी, त्यांच्याकडे वांगी आपल्यापेक्षा जास्त खातात. तर म्हणे मंग आनंदवनातूनच आनजो येतानी, भरीत करतो.