एका मार्काचं कोलार

स्मरणिकेसाठी लिही लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर सारखे मेसेज येतायत. गॅदरिंग, छड्या, मधल्या सुट्टीतली बोरं हे सगळं बाकीचे लिहितीलच, मी आपला कोलारबद्दल लिहितो. भूगोलाच्या पेपरात भारताचा नकाशा यायचा आणि त्यात सोन्याची खाण दाखवा हे हमखास असायचं. बाईंनी सांगून ठेवलेलं, बंगलोरच्या जरा उजवीकडे ठिपका द्या, कोलार लिहा, मार्क खिशात. इतिहासात शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर कोलार यायचं, ते हेच, पण इतिहास आणि भूगोलाच्या वह्या वेगळ्या त्यामुळे विषय तिथेच संपायचा.

पुढे जिऑलॉजी घेतलं आणि नव्वदच्या दशकात ट्रेनिंगला नेमका तिथेच जाऊन पडलो, खाण अजून चालू होती तेव्हा. पहिला धक्का म्हणजे सोनं कोलार गावात नाहीच, तिथून तीसेक किलोमीटरवर केजीएफ (कोलार गोल्ड फील्ड्स) म्हणून वेगळंच शहर आहे, चॅम्पियन रीफ्स, मारिकुप्पम, रॉबर्टसनपेट, अँडरसनपेट, तिथल्या वस्त्यांची नावं वाचत गेलं तरी कळतं की कोण येऊन गेलंय. राज्य कर्नाटक पण रस्त्यावर भाषा तमिळ, कारण खाणीत उतरलेली बहुतेक माणसं पिढ्यान्‌पिढ्या नॉर्थ अर्काट, सेलम अशा भागातून आणलेली, त्यातले बरेचसे दलित.

इंग्रजांनी सोनं शोधलं असं आपण सहज म्हणतो. १८०२ मध्ये, टिपू पडून तीन वर्षं झाली होती, लेफ्टनंट वॉरन म्हैसूरच्या सरहद्दीची मोजणी करायला आला, इथे सोनं आहे अशी कुजबुज त्याच्या कानावर गेली म्हणून त्याने बक्षीस लावलं, तर गाववाल्यांनी गाड्या भरून माती आणली आणि त्याच्यासमोर धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले. म्हणजे ही मंडळी आधीपासूनच खड्ड्यात उतरून, तेलाच्या दिव्यावर सोनं काढत होती, साहेबाने फक्त लिहून ठेवलं. मग सत्तर-एक वर्षांनी न्यूझीलंडात माओरींशी लढून आलेल्या लव्हेल नावाच्या आयरिश सोल्जरला १८७५ मध्ये परवाना मिळाला, त्याला काही ते झेपलं नाही, १८८० ला लंडनची जॉन टेलर अँड सन्स आली, पैसे बुडायच्या बेतात असताना चॅम्पियन रीफची शीर सापडली आणि तिथून पुढे सगळं सुसाट.

सगळ्यात भारी प्रकरण विजेचं आहे. खाण खोल जायला लागली, यंत्रं चालवायला वीज हवी, म्हणून म्हैसूर सरकारने कावेरीवर शिवनसमुद्रला पॉवर स्टेशन बांधलं आणि १९०२ मध्ये दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा ओढून वीज थेट केजीएफला आणली. बंगलोरला ती १९०५ ला पोचली! राजधानीच्या आधी खाणीला वीज. साहेबांना बंगले, क्लब, गोल्फ, आणि तेव्हा कामगार मात्र तट्ट्यांच्या झोपड्यांत. वर सोनं चोरतील म्हणून सगळ्यांवर संशय, १९३० मध्ये बोटांचे ठसे घ्यायला निघाले तेव्हा कामगारांनी मोठा संप केला. तमिळ दलित विचारवंत पंडित अयोत्तीदासांच्या बौद्ध संघाची शाखा इथे मारिकुप्पमला होती आणि १९५४ मध्ये बाबासाहेबसुद्धा केजीएफला येऊन गेले, हे मला एका रिटायर्ड मेस्त्रीने त्याच्या ओसरीवर बसून सांगितलं.

आता खाली काय असायचं ते. केजमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या पिंजऱ्यासारख्या लिफ्टमध्ये, उभं राहिलं की कानांना दडे बसायचे, खाली दगडच इतका तापलेला की कपडे मिनिटात चिंब. चॅम्पियन रीफ तीन किलोमीटरच्या खाली गेलेली, आम्हाला अर्थात तिथपर्यंत नेलं नाही. कामाच्या तोंडाशी पोचल्यावर मेस्त्री आधी लोखंडी पहार घेऊन छत ठोकायचा, टण्ण वाजलं तर ठीक, ढप्प वाजलं की लगेच "तंबी, तळ्ळी निल्लु" म्हणून आम्हाला मागे ढकलायचा आणि तो सुटा दगड पाडूनच पुढे. आमच्या कॉलेजात ताण आणि दाबाची गणितं पानंच्या पानं केलेली, इथे हा माणूस कानाने भागवत होता. सोनं मात्र दिसलंच नाही, काळपट निळसर क्वार्ट्झचा पट्टा तेवढा दिसला, शेवटी शेवटी एका टनातून जेमतेम तीन-चार ग्रॅम निघायचं. याच खोलीचा फायदा घेऊन मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चवाल्यांनी जपानी आणि इंग्रज शास्त्रज्ञांबरोबर १९६५ मध्ये तिथे न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, पकडले, डोक्यावर दोन किलोमीटरहून जास्त खडक असल्यामुळे कॉस्मिक किरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांचा, बाकीचा गोंगाट वरच गाळला जायचा.

१९५६ मध्ये खाणी सरकारकडे आल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या, सव्वाशे-एक वर्षांत ८०० टनांच्या आसपास सोनं निघालं, त्यातलं बहुतेक साहेबाच्या काळात लंडनला. मागे राहिले सायनाइड डम्प, म्हणजे सोनं काढून झाल्यावर उरलेल्या भुकटीच्या टेकड्या, तीन कोटी टनांहून जास्त माल आहे त्यात. खाणकामगारांची पोरं आता पहाटेच्या लोकलने बंगलोरला नोकरीला जातात, रात्री परत.

बॅचची ट्रिप काढायचं चाललंय म्हणे, गोवा सगळ्यांचं दहादा झालंय, बंगारपेटला उतरून मारिकुप्पमची गाडी पकडा, मी येतो दाखवायला. फक्त वाऱ्याच्या दिवसांत नको, डम्पची धूळ नाकातोंडात जाते.