सिकलसेलचा रिपोर्ट हातात देताना

सिकलसेल या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावरचं माझं काम गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेच्या व्हरांड्यात सुरू झालं. स्टँडमध्ये काचेच्या नळ्या आणि त्यांच्यामागे काळ्या रेघा मारलेलं पांढरं कार्ड. बोटातून काढलेलं थेंबभर रक्त डायथायोनाइटच्या द्रावणात टाकायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. नळीतून पलीकडच्या रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे असं समजायचं. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करून मी नुकतीच पीएचडीला लागले होते. संशोधन म्हणजे ही नळी, एवढंच तेव्हा वाटायचं.

पण ही चाचणी अर्धंच सांगते. माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आलाय, की दोघांकडूनही येऊन तो रुग्ण आहे, हे तिला कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात किंवा रक्त फारच कमी असलेल्यात ती चुकून निगेटिव्हही येते. म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाचं रक्त शिरेतून घेऊन, जांभळ्या झाकणाच्या नळीत, प्रयोगशाळेत एचपीएलसीसाठी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीसाठी, न्यायचं. पहिल्याच फेरीत मी नळ्या थेट बर्फावर ठेवल्या. पेशी फुटल्या, सगळे नमुने वाया गेले. पुन्हा त्याच गावात जाऊन त्याच लोकांना पुन्हा हात पुढे करायला सांगावं लागलं. त्यांनी केले. त्या दिवसापासून नळी आणि बर्फ यांच्यामध्ये जाड कापडाची घडी असते, आणि ती मी स्वतः घालते.

एचपीएलसीचा आलेख वाचायला शिकले ते रात्री जागून. वाहकात साधं हिमोग्लोबिन जास्त आणि सिकल साधारण ३० ते ४० टक्के. रुग्णात साधं नसतंच, सिकल आणि सोबत गर्भातलं हिमोग्लोबिन थोडंफार उरलेलं. या सगळ्याच्या मुळाशी बीटा ग्लोबिनच्या साखळीतली एक जागा आहे, सहावी. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं, की ऑक्सिजन कमी होताच हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. गावात त्यातून होणाऱ्या दुखण्याला कितीतरी वर्षं वात म्हणून तेल चोळत आलेत. वाहकाला मात्र सहसा काहीच त्रास नसतो. उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला थोडं संरक्षण मिळतं, आणि हा जिल्हा मलेरियाचा.

प्रबंधात हे सगळं नीट मांडलं होतं. चुकलं ते दुसरीकडे. पहिल्या वर्षी मी निकालांची यादी एका शाळेत तशीच दिली आणि तिथे ती सर्वांसमोर वाचली गेली. दहावीतली एक मुलगी फक्त वाहक होती, तरी गावभर ‘सिकलसेलवाली’ झाली. दिवाळीनंतर ती शाळेत परत आली नाही. आलेख अचूक होता, पण तो कुणाच्या हातात कसा द्यायचा याचा मी विचारच केला नव्हता. तेव्हापासून निकाल मी एकेकाला बसवून सांगते, आणि वाहक असेल तर पहिलं वाक्य एकच असतं: तुम्हाला आजार नाही.

तेही पुरत नाही, हे एका ताईंनी शिकवलं. नवराबायको दोघंही वाहक, थोरला मुलगा रुग्ण. मी नेहमीसारखं सांगितलं, चारात एका बाळाला आजार. त्या मोकळ्या झाल्यासारख्या म्हणाल्या, “म्हणजे एक झाला नं मॅडम, आता बाकीचे तिघं चांगलेच होतील.”

अंगणात चिंचोके पडले होते. दोन घेऊन फोडले. प्रत्येकाचं एकेक अर्धुक ठेवलं, एक बाजू काळी, एक पांढरी. एक तुमचा, एक त्यांचा. काळी म्हणजे सिकल. टाका. दोन्ही काळे पडले तरच बाळाला आजार. त्यांनी टाकले: एक काळा, एक पांढरा. वाहक. पुन्हा टाकले, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा दोन्ही काळे पडले आणि त्या थांबल्या. “म्हणजे दर येळी नव्यानं टाकाच लागते?” हो, दर वेळी नव्यानं, आधी काय पडलं ते चिंचोक्याला माहीत नसतं. त्यांनी ते दोन्ही पदराच्या टोकाला बांधले, घरी दाखवायला.

पुढच्या खेपेला दिवस राहिले तेव्हा त्या दुसऱ्याच महिन्यात नवऱ्याला घेऊन आल्या. पोटातल्या बाळाला आजार आहे का हे बघायला वारेचा नमुना घेऊन करायची तपासणी साधारण दहाव्या आठवड्यानंतर होते, म्हणजे हाताशी वेळ होता. दोघांचा डीएनए आधीच तपासलेला होता, तो कागद मी फाइलमध्ये लावला आणि नागपूरला जाणाऱ्या गाडीत त्यांच्या शेजारी बसले.