महागाचा शाफ्ट आणि जिप्सीची थरथर

कराडहून आलेल्या त्या जिप्सी किंगचा मागचा प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा फिरता दांडा) नवाकोरा होता. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) बाजूला डबल जॉइंट, म्हणजे एकाला एक जोडलेले दोन सांधे; जाड नळी, बॅलन्स केलेला. तरी साठच्या वर गेलं की सीटखाली थरथर. मालक वैतागलेले, "मिस्त्री, हाही खराब निघाला. दुसरा मागवा." टायर, व्हील बॅलन्सिंग, इंजिन माउंटिंग सगळं आधीच करून झालेलं.

मी काहीच मागवलं नाही. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली तरी थरथर तशीच, म्हणजे इंजिनचा संबंध नाही. मग मागचा शाफ्ट उतरवला, पुढचे हब लॉक केले आणि फोर-एच (फोर-व्हील ड्राइव्ह) टाकून नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी हायवेला नेली. थरथर गायब. "बघा, मी म्हणत होतो ना!" मालक म्हणाले. पण टेबलावर शाफ्टमध्ये काही सापडेना. क्रॉस (सांध्यातले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे) घट्ट, नळी सरळ.

मग शाफ्ट परत चढवून कोन मोजले. शाफ्टचा उतार 20 अंश, पिनियनचं (शाफ्टकडून ताकद घेऊन मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचं) तोंड वर जेमतेम 4 अंश. खालच्या क्रॉसवर 16 अंश पडत होते.

तिरका बसलेला क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. 16 अंशांना हा फरक दोन्हीकडे सुमारे 4 टक्के. साध्या शाफ्टला दोन क्रॉस असतात. दोन्हीकडचे कोन सारखे आणि योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत असले की एकाचा झोल दुसरा खातो. डबल जॉइंट स्वतःचा झोल वरच्या वर मिटवतो, खालच्याचा झोल मिटवायला कोणी उरत नाही. म्हणून तिथे पिनियन शाफ्टकडेच बघायला हवं, एखाद-दोन अंश खाली ठेवून, कारण ताकद लागली की स्प्रिंगच्या पाट्यांमुळे ते वर उचललं जातं. गाडी लिफ्ट (उंच) करताना पाटे ॲक्सलच्या वर घेतले होते, पण ॲक्सलवरच्या त्यांच्या बैठका साध्या शाफ्टच्या हिशेबाने वेल्ड केलेल्या. शाफ्ट मात्र दुसऱ्याच्या गाडीखाली बघून आणलेला!

दोन-चार अंशांचा फरक पाचरीने निघतो, इतका नाही. बैठका कापून पिनियन वर फिरवलं. वरच्या बेअरिंगला तेल पोचावं म्हणून डिफरन्शियलमध्ये तेल जरा जास्त भरलं. चाकं लोंबकळत सोडून आणि पूर्ण दाबून स्लिप जॉइंट (शाफ्टचा आतबाहेर सरकणारा भाग) सुटत नाही, टेकत नाही, हेही पाहिलं.

ग्रीसचं सांगितलं ते वेगळं: नदीतून आल्यावर क्रॉसच्या चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचं. डबल जॉइंटच्या मधल्या बॉलला सुईसारखं नोझल लागतं, म्हणून बहुतेक गॅरेजवाले तो सोडून देतात, आणि तोच आधी मरतो. कपाभोवती लालसर भुकटी दिसली तर तो क्रॉस कोरडा पडलाय.

टेस्ट ड्राइव्हला ऐंशीलाही गाडी शांत होती. मालक खूश होऊन म्हणाले, "पुढच्या ॲक्सललाही असंच करून टाका." नाही म्हटलं. पुढचा ॲक्सल तसा फिरवला की कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या धुरीचा मागे कललेला कोन) जातो आणि स्टीअरिंग भटकायला लागतं.